गरोदर बाईच्या घरात काय बदलायचं: चूल, पाणी, ताट आणि बाळंतिणीची खोली

"ताई, हिला काय काय खायला घालू?"

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून घरभेटी करताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल त्याची मोजदाद नाही. कधी सासू विचारते, कधी माहेरहून आलेली आई, अलीकडं नवरेही विचारतात आणि त्याचं बरं वाटतं. प्रश्न मायेचा असतो. पण तो विचारला जात असताना मागच्या न्हाणीत चिपाडं धुमसत असतात, सोप्यात कुणीतरी विडी ओढत असतं, आणि जिच्याबद्दल हे बोलणं चाललंय ती सून चुलीपुढं बसून डोळे पुसत जाळ सारत असते.

म्हणून मी उत्तर दुसऱ्या टोकाकडून सुरू करते. तिनं काय खावं ते सांगतेच, पण त्याआधी घरानं काय थांबवायचं ते सांगते. बाळावर परिणाम करणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी त्या बाईच्या हातात नसतात. त्या नवऱ्याच्या, सासूच्या, दिराच्या हातात असतात. हा लेख गरोदर बाईनं वाचावाच, पण वाचून झाल्यावर घरात मोठ्यानं वाचून दाखवावा.

आई आणि बाळ यांच्यामध्ये वार असते. बाळाचं अन्न, प्राणवायू सगळं तिच्यातून जातं. वाईट असेल ते वार अडवते, असा पुष्कळांचा समज आहे. काही जंतूंना ती अडवते, हे खरं. पण तंबाखूतलं निकोटिन, धुरातला कार्बन मोनॉक्साइड, शिसं, पारा, दारू हे सगळं तिच्यातून सरळ पलीकडं जातं. त्याचा परिणाम जन्माच्या वेळी दिसतो तो दोन गोष्टींत: बाळाचं वजन आणि दिवस. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं, ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. अशा बाळांना ऊब टिकवता येत नाही, अंगावर ओढायला जोर नसतो, जंतूंची लागण लवकर होते.

पहिली पायरी: दिवस जायच्या आधीच

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकली, आठवडाभर वाट बघितली, मग तपासणी केली, तोवर हे काम झालेलंही असतं. ती नळी नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं. म्हणून मूल हवं असं ठरवलं की त्याच महिन्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करायचं, ते किमान पहिले तीन महिने. आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचा दोष असेल, किंवा आईला फिटच्या गोळ्या चालू असतील, तर मात्रा बरीच जास्त लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. त्याच वेळी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घेतली तर पुढचे नऊ महिने सोपे जातात.

दुसरी पायरी: धूर घराबाहेर

"आमच्याकडं गॅस आहे की!" हे उत्तर मला दर दुसऱ्या घरात मिळतं. स्वयंपाक गॅसवर होतो, खरं आहे. पण आंघोळीचं पाणी? पहाटे पाचला न्हाणीतली चूल पेटते. जळण म्हणजे उसाचं पाचट, चिपाडं, नारळाच्या शेंड्या, आणि जाळ लवकर धरावा म्हणून वर प्लास्टिकची पिशवी. पावसाळ्यात चिपाडं ओली, म्हणून धूर दुप्पट. एका घरी मी मुद्दाम त्या चुलीपाशी जाऊन बसले. पाच मिनिटांत घशाशी खवखव सुरू झाली, आणि भिंतीवरून बोट फिरवलं तर काजळीचा जाड थर बोटाला आला. सहाव्या महिन्यातली सून रोज तिथं पाऊण तास बसत होती. तिच्या वाटणीला स्वयंपाक कमी केला होता, कारण "जड काम नको". पाणी तापवणं मात्र "बसूनच तर करायचं" म्हणून तिच्याकडं.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. आईला नुसतं डोकं जड वाटतं, पण पोटात बाळाला प्राणवायू कमी पोचतो आणि त्याची वाढ मागं पडते. धुरातले बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात. चुलीच्या धुरात राहणाऱ्या बायकांत कमी वजनाची बाळं आणि पोटातच दगावणारी बाळं जास्त, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

करायचं ते असं. न्हाणीच्या चुलीचं काम नऊ महिने घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं, शक्यतो पुरुषानं. सौर बंब किंवा विजेचा हीटर परवडत असेल तर आत्ताच घ्या, बाळाच्या आंघोळीलाही लागणारच आहे. नाहीच जमलं तर चूल अंगणात काढा. प्लास्टिक, रबर, रंगीत कागद त्यात एकदाही घालू नका.

डासांची कॉइल हा दुसरा धूर. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतील इतके भरतात, असं मोजमाप झालेलं आहे. खिडक्या लावून रात्रभर ती उशाशी जळत असते. तिच्या जागी मच्छरदाणी लावा. डेंगी-मलेरियापासून बचाव तर हवाच, कारण गरोदरपणात हे दोन्ही ताप वाईट.

ज्यांचं गुऱ्हाळ आहे त्यांनी हंगामात गरोदर बाईला चुलाणाच्या बाजूला, काहिलीजवळ कामाला ठेवू नये. चिपाडं वाळत घालायचं, गोळा करायचं काम बायकांकडं असतं आणि धुराची दिशा बघून काम करायची सोय तिथं नसते. ऊस गेल्यावर शेतात पाचट पेटवतात, तेव्हा घराच्या त्या बाजूच्या खिडक्या लावा. खरं तर पाचट कुजवावं, जमिनीचंही भलं होतं.

तिसरी पायरी: मिश्रीची डबी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागात हा विषय बायका बायकांत हसून उडवून लावतात. सिगारेट ओढणारी बाई आपल्याकडं क्वचित. पण तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली मिश्री सकाळ-संध्याकाळ दाताला लावणाऱ्या बायका घराघरांत आहेत. त्यांना विचारलं "तंबाखू खाता का?" तर त्या मनापासून "नाही" म्हणतात. मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. मी त्यामुळं प्रश्न बदलला. "दाताला काय लावता?" असं विचारते, मग खरं कळतं.

हिरडीची कातडी पातळ असते, निकोटिन तिथून थेट रक्तात जातं आणि वारेकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर नसलेली तंबाखू, म्हणजे मिश्री, तंबाखू-चुना वगैरे वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही जास्त होती. तीन किलोच्या बाळाला १०५ ग्रॅमचं फार वाटणार नाही. दोन किलो चारशेच्या बाळाला फार आहे.

सोडायची कशी? दात घासायला पेस्ट आणि ब्रश हातात द्या, कारण सकाळी तोंडात काही फिरवायची सवयच मोठी असते. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, अशी बहुतेकींची तक्रार असते. त्यासाठी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, रात्री भिजवलेले चार-पाच मनुके किंवा अंजीर, आणि जेवणात पालेभाजी. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, मग उतरतं. तेवढे दिवस घरच्यांनी सांभाळून घ्यावं. आणि सासूबाईंनी सुनेसमोर मिश्री भाजू नये. त्या भाजण्याचा धूरसुद्धा तंबाखूचाच धूर आहे. घरातल्या पुरुषांच्या विडी-सिगारेटचंही तेच: "बाहेर ओढतो" म्हणजे उंबऱ्यात उभं राहून नव्हे, आवाराच्या बाहेर. दारूबद्दल एवढंच सांगते की गरोदरपणात तिची सुरक्षित मात्रा नाही.

चौथी पायरी: पाणी, दूध आणि पूर

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, हे आपल्या जिल्ह्यानं विसरू नये. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ धडधाकट माणसाला महिनाभर आडवं करून सोडून देते. गरोदर बाईला ती शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात, आणि बाळही हाती लागेल याची खात्री नसते. काळम्मावाडी धरणाचं पाणी कोल्हापूर शहरात आलं असलं तरी नळापासून माठापर्यंत ते कुठंही बिघडू शकतं. म्हणून पिण्याचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या, झाकून गार करा, आणि माठात हात न बुडवता ओगराळ्यानं घ्या. रस्त्यावरची पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस, उघड्यावर चिरून ठेवलेली फळं नऊ महिने बंद.

दुधाचं बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण कोल्हापुरी माणसाच्या काळजाला हात घालतेय. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळून फेसाळ दूध पेल्यात मिळतं. तालमीतल्या पोरांनी ते उभ्या उभ्या प्यावं, त्यांची रीतच आहे. कितीतरी नवरे मायेनं तेच दूध बरणीतून घरी आणून "गरम आहे तोवर पी" म्हणून गरोदर बायकोच्या हाती देतात. निरशा दुधातून ब्रुसेलासारखे जंतू येतात आणि त्यानं गर्भपात होऊ शकतो. दूध तिथूनच आणा, पण उकळी आणून मगच द्या. घरच्या म्हशीच्या दुधालाही हाच नियम. गोठ्यात म्हैस अवेळी गाभडली असेल तर ती वार, ते शेण गरोदर बाईनं अजिबात हाताळायचं नाही.

आणि पूर. बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये असेल आणि घर प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ, कुरुंदवाड अशा पट्ट्यात असेल तर आजच ठरवून ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट आहे. आठवा महिना लागलेल्या बाईनं ३९ ची वाट बघू नये. पाणी चढू लागलं, राधानगरीकडं पाऊस जोरात आहे असं कळलं, की उंचावरच्या पाहुण्यांकडं मुक्काम हलवावा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी गावं वेढली गेली तेव्हा गरोदर बायकांना बोटीतून काढावं लागलं. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत तपासणीचं कार्ड, सोनोग्राफीचे कागद, चालू गोळ्या आणि बाळाचे सुती कपडे. पाणी ओसरल्यावर घर धुवायला, चिखल काढायला तिला लावू नका. त्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

पाचवी पायरी: हळद, शेंदूर, माती आणि कामाचे कपडे

शिशाचं विष दिसत नाही, वासही येत नाही. ते आईच्या हाडांत वर्षानुवर्षं साठतं आणि गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघतं तेव्हा त्याबरोबर रक्तात उतरतं. बाळाच्या मेंदूचं नुकसान करतं, ते पुढं भरून येत नाही. पिवळीधमक दिसावी म्हणून सुट्या हळदीत लेड क्रोमेट हा शिशाचा रंग मिसळल्याची प्रकरणं आपल्या देशात सापडलेली आहेत. आपल्याकडं वर्षाची चटणी डंकावर कुटून आणायची पद्धत आहेच, त्याच फेरीत अख्खी हळकुंडं नेऊन दळून आणा. शेंदरात शिसं असतं, तो कपाळाला, भांगात नको. बिननावाचं काजळ नको. रंग उजळायच्या स्वस्त क्रीममध्ये पारा असू शकतो, ती फेकून द्या.

डोहाळ्यात भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. घरचे हौसेनं आणूनही देतात. अशी ओढ पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते. मातीतून शिसं आणि जंत दोन्ही पोटात जातात. तिला रागावू नका, हिमोग्लोबिन तपासा.

नवरा शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फाउंड्रीला असेल, बॅटरीच्या वा रंगाच्या कामावर असेल, तर घरी आल्यावर आधी आंघोळ, मग बाकी सगळं. कामाचे कपडे वेगळे भिजवायचे आणि ते तिनं झटकायचे नाहीत. औषध फवारून आलेल्यालाही हेच लागू. तणनाशक, कीटकनाशक कालवायचं काम तिच्याकडं नको, फवारलेल्या रानात त्या दिवशी भांगलायला जाणं नको, आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात धान्य तर कधीच नको. हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं. चांदी वितळवताना आणि जोडताना निघणारा धूर राहत्या खोलीत नसावा. ऊसतोडीला आलेल्या बायका गरोदरपणातही डोक्यावर मोळी वाहतात. गावातल्या आशाताईंना माझी विनंती आहे की खोपटांवर जाऊन त्यांची नोंदणी करा. त्यांचं कार्ड त्यांच्या गावचं असलं तरी तपासणी इथं होऊ शकते.

सहावी पायरी: ताट

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास सुरू केला. आपल्यासारखीच शेतकरी घरं, आपल्यासारखंच भाकरी-आमटीचं जेवण. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण गंमत अशी की आपली बाळं स्नायूंनी बारीक असली तरी कातडीखालची चरबी त्यांच्यात त्या मानानं टिकून होती. अशा बाळांना पुढं मधुमेहाचा धोका जास्त. याच अभ्यासात दिसलं की ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं मोठी होती. नुसत्या पोटभर खाण्याचा संबंध तेवढा दिसला नाही. म्हणजे तुपाचा शिरा आणि लाडू यांनी ताट जड होतं, बाळ सुदृढ होतंच असं नाही.

"दोन जिवांचं खा" हे अर्धं खरं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात: एक भाकरी, एक छोटी वाटी आमटी, एक पेला दूध, झालं. प्रथिनं मात्र शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्त लागतात. ते भागवायचं तर एक अंडं, एक पेला दूध आणि मूठभर शेंगदाणे असा सरळ हिशेब आहे. याउलट "कमी खा, बाळ मोठं झालं तर सिझर होईल" हा सल्ला अजूनही काही घरांत ऐकू येतो. तो घातक आहे. वजन बेताचं असलेल्या बाईचं नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढायला हवं.

पदार्थांची यादी देण्याआधी एक गोष्ट. सगळ्यांची जेवणं झाल्यावर सून बसते तेव्हा कढईत काय उरलेलं असतं ते एकदा बघा. मी बघितलंय: कडेला चिकटलेली चमचाभर मेथी, आमटीचं वरचं पाणी आणि भाकरी मात्र हवी तेवढी. तिच्या वाट्याला पीठ आणि तिखट येतं, डाळ आणि भाजी येत नाही. तिचं ताट आधी वाढा. जमत नसेल तर भाजी होताक्षणी तिची वाटी बाजूला काढून झाकून ठेवा. एवढ्या एका बदलानं वजन वाढू लागल्याचं मी पाहिलं आहे, एक पैसा जास्त न खर्चता.

आपल्या भागात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून दिवस असा जाऊ शकतो. सकाळी दूध आणि नाचणीची आंबील किंवा मोडाची मटकी घातलेले पोहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि ती आपल्याच राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडची. दुपारी ज्वारीची भाकरी, पोकळा, चाकवत, मेथी, शेपू यांपैकी एक पालेभाजी, घट्ट डाळ, वाटीभर दही, आणि जेवताना लिंबाची फोड पिळून. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट लागतं. चारच्या सुमारास पेरू, केळं किंवा उकडलेलं अंडं. रात्री भात, हुलग्याचं माडगं किंवा पिठलं, एक भाजी. चहा दिवसाला दोन कप पुरे, आणि तो जेवणाच्या आधी-नंतर तासभर टाळून, कारण चहा लोह शोषू देत नाही.

माळकरी घरांत आणि मांसाहार न करणाऱ्यांत ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता फार. ते भाज्यांत, डाळींत नसतं. दूध-दही-ताक रोज हवंच, आणि रक्ताची तपासणी करून डॉक्टर म्हणतील तर गोळी. याज्ञिकांच्या अभ्यासात ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा सर्वांत जास्त दिसल्या. मांसाहारी घरांत तांबडा-पांढरा रस्सा खुशाल चालेल, मटण पूर्ण शिजलेलं हवं. नुसता रस्सा ओरपून फोडी पुरुषांच्या ताटात, असं मात्र नको. काळीज पहिल्या तीन महिन्यांत टाळा, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. तिखटानं बाळाला काही होत नाही, आईला जळजळ होते. तेवढ्यासाठी रात्री चटणी कमी.

गुळाबद्दल लिहिलं नाही तर कोल्हापुरात लेख पुरा व्हायचा नाही. गुळात लोह असतं, पण खडाभर गुळातून मिळतं ते अगदी थोडं. रक्त वाढवायला गूळ-शेंगदाण्यांवर भिस्त ठेवून गोळ्या बंद करू नका. शेवटी ती साखरच आहे. गरोदरपणातली साखर निघाली असेल तर गूळ, काकवी, उसाचा रस तिन्ही बंद. ज्यांना चालतो त्यांनीही पिवळाजर्द, उजळ केलेला गूळ सोडून काळपट घ्यावा.

मीठ आयोडीनचंच वापरा, साधं सैंधव नको. आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. डबा झाकलेला ठेवा. एकादशी-चतुर्थीचे कडक उपास, ग्रहणात दिवसभर उपाशी बसवणं, हे देवालाही नको असेल.

सातवी पायरी: गोळ्या आणि तारखा

चौथा महिना लागला की रोज एक लाल गोळी: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर मात्रा वाढते. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. जंताची एक गोळी तीन महिने उलटल्यावर.

एका घरी मी तांदळाचा डबा उघडला होता, निमित्त दुसरंच होतं. आत लाल गोळ्यांची पाकिटं, जवळजवळ सगळी भरलेली. सून गप्प. मग सासूबाई म्हणाल्या, "शौचाला काळं होतंय, बाळ काळं निपजंल." शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळं, त्याचा बाळाच्या रंगाशी काही संबंध नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवून झोपताना घ्या, लिंबूपाण्याबरोबर. देशात २०१९-२१ च्या पाहणीत ५२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयाच्या निघाल्या, आणि गोळ्या तर घराघरांत पोचतात. त्या पोटात जातात की डब्यात, ते घरच्यांनीच बघायचं.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. तो सांभाळला नाही तर बाळ अवाजवी मोठं होतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. रक्तदाब, लघवी, वजन दर भेटीत. चेहरा-हात सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन.

आणि तिला मुलगा-मुलगीवरून टोचू नका. ते बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. सतत धास्तीत राहणाऱ्या बाईला झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि त्याचा हिशेब बाळाच्या वजनात दिसतो. दुपारी दोन तास आडवं होऊ द्या, कुशीवर, शक्यतो डाव्या.

आठवी पायरी: बाळंतिणीची खोली

नऊ महिने सांभाळलेलं काही घरं पहिल्याच आठवड्यात घालवतात. खिडक्या बंद, दाराला पडदा, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-वेखंडाची धुरी. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि नवजात बाळाची फुप्फुसं मुठीएवढीही नसतात. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आईची कंबर शेका. बाळाला धुरी नको. ऊब हवी ती आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घालून. कमी वजनाच्या बाळाला तर दिवसातले जितके तास जमेल तितके तास.

जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायला घ्या. पहिलं पिवळसर चिकाचं दूध काढून टाकू नका, ती बाळाची पहिली लस आहे. मध, गुटी, साखरेचं पाणी, साधं पाणीही सहा महिने नको. मध तर वर्षभर नको. डोळ्यांत काजळ नको. बाळ बघायला येणाऱ्यांनी आधी साबणानं हात धुवावेत, आणि विडी ओढून आलेल्यानं बाळाला घेऊ नये, मग तो सख्खा आजोबा असला तरी.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना उंबऱ्यावरून चहा देऊन परत पाठवू नका, आत बोलवा, बाळाला त्यांच्या झोळीकाट्यात घालू द्या. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. आलं नाही तर विचारा. बाळ ओढत नसेल, तळहात-तळपाय गार लागत असतील किंवा पिवळे दिसत असतील, बाळ शांत झोपलेलं असताना मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास मोजले गेले, छाती आत ओढली जात असेल, तर दृष्ट काढण्यात वेळ न घालवता बाळाला आईच्या छातीशी गुंडाळून तसंच जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. गाडीत खिडक्या लावा, आणि वाटेत पाजत राहा.